रस्त्याचं काम संपेपर्यंत थांबू की दोन रूम वाढवू? (रत्नागिरी, भाट्ये, नोव्हेंबर २०२४)

भाट्येकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घरगुती आहे पण इथे रत्नागिरीतले आणि रत्नागिरीला येणारे दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतोय.

आमचं भाट्याला घर आहे, पूल ओलांडला की सुरूच्या बनाच्या अलीकडे. आई-बाबा तीन रूमचा होमस्टे चालवतात, जेवण आईच्या हातचं. मी पुण्यात नोकरीला, बुकिंगचे फोन आणि ऑनलाईनचं सगळं मी बघतो. कोविडनंतर दोन वर्षं एकदम जोरात गेली, शनिवार-रविवारी लोकांना नाही म्हणावं लागायचं, तेव्हाच ठरवलं होतं मागच्या जागेत अजून दोन रूम काढायच्या. प्लॅन झाला, गवंडी ठरला, जांभा चिरा सुद्धा सांगून झाला.

आणि मग रस्ता. बाहेरच्यांसाठी सांगतो, एक नाही दोन हायवेंचं काम चालू आहे. एक आपला मुंबई-गोवा, तो शहरात येत नाही, हातखंब्यावरून जातो. दुसरा मिऱ्या-नागपूर, तो मिऱ्या बंदरापासून निघून शहराच्या अंगावरून साळवी स्टॉप, कुवारबाव, खेडशी करत हातखंब्याला त्याला जाऊन भेटतो. म्हणजे तुम्ही मुंबईहून या नाहीतर कोल्हापूरहून या, हातखंबा ते शहर हा तेरा-चौदा किलोमीटरचा तुकडा तुम्हाला खावाच लागतो, आणि तो सगळा खणलेला. एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला खड्डा, मध्येच डायव्हर्जन, काल होतं तिथे आज नाही.

आईने यावर स्वतःची पद्धत काढलीय. आधी गेस्टचा फोन आला "काकू हातखंब्याला पोचलो" की ती भात लावायची. एकदा त्या लोकांना हातखंब्याहून घरी यायला सव्वा तास लागला, भाताचा गोळा, सुरमई तळून थंड, पोरं गाडीत रडून झोपलेली. आता ती हातखंब्याच्या फोनला फक्त "बरं या सावकाश" म्हणते, आणि शहरातल्या जयस्तंभाला आलो म्हणाले की मगच गॅस पेटवते.

या दिवाळीत तीनपैकी दोन रूम भरल्या, तिसरी रिकामी. कॅन्सल करणाऱ्या एकाने सरळ सांगितलं की रत्नागिरीचा रस्ता बघून आम्ही दिवेआगरला जातोय. जे आले ते सुद्धा तीन रात्रींच्या ठिकाणी दोन. बाबा म्हणतात थांब, रस्ता होऊ दे. मला वाटतं रस्ता झाल्यावर सगळेच रूम काढतील, तेव्हा आपण मागे. साधारण आठ लाखांचं कर्ज होईल. काय करावं? येणाऱ्यांनी पण सांगा, तुम्ही खरंच रस्त्यामुळे टाळता का?

रिक्षा_रत्नांग्री
दादा मी रोज त्या रस्त्यावर असतो त्यामुळे माझं ऐक. स्टेशन ते भाट्ये हे भाडं मला आधी सगळ्यात लाडकं, लांबचं भाडं, आणि पॅसेंजर खूश असायचा कारण पूल आला की समुद्र दिसतो. आता कोण भाट्ये म्हणाला की मी घड्याळ बघतो. कुवारबावला एकदा अडकलो की तिथेच एक भाडं बुडालं समज. मीटरचं सोड, माझ्या रिक्षाचे शॉकॲब्सॉर्बर एका वर्षात दोनदा बदलले.

पण एक सांगू, सकाळी लवकर काही त्रास नाही. कोकणकन्या पहाटे येते, त्यातून उतरलेला माणूस मी वीस-पंचवीस मिनिटांत भाट्याला सोडतो. तोच माणूस दुपारी आला की शाळा सुटलेल्या, एमआयडीसीची शिफ्ट, डंपर, सगळं एकत्र. म्हणजे रस्ता वाईट आहे ते आहेच पण कोणत्या वेळेला यायचं हे पाव्हण्याला कोण सांगतच नाय. गुगल दाखवतो तो रस्ता कधी कधी मातीच्या ढिगाऱ्यात जातो. परवा एक एमएच बारा गाडी, अख्खी फॅमिली, डायव्हर्जन सोडून सरळ नव्या काँक्रीटवर चढली, पुढे रस्ताच नाही, दोन फूट खाली. आम्ही चौघांनी मिळून मागे घेतली. बाई आतून सारखी म्हणत होती मॅपमध्ये तर दाखवतंय.

आणि शहरातलं विचारू नको. आधी पाण्याच्या पाईपलाईनला खणलं, बुजवलं, मग गॅसच्या लाईनला खणलं. मारुती मंदिरवरनं थिबा पॅलेसला पाव्हणे न्यायचे तर आधी मी त्यांना पाठीचं दुखणं आहे का विचारतो, खोटं नाय सांगत.

पंचगंगेकाठचा
भावा तू विचारलंस येणाऱ्यांनी सांगा, तर मी येणारा. आम्ही कोल्हापूरची चार टाळकी, वर्षातनं दोनदा तरी समुद्र लागतोच. खरं सांगतो राग मानू नकोस. आम्ही रत्नागिरी बंद नाही केली, रत्नागिरी शहर बंद केलं.

म्हणजे बघ, पहाटे निघायचं, मलकापूर, आंबा घाटात चहा-वडा, साखरपा, पाली, हातखंबा. तिथं आधी आम्ही डावीकडे शहरात घुसायचो, मांडवीला जाऊन बसायचो, रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, दुपारी जेवण, मग आरेवारेच्या रस्त्यानं समुद्राच्या कडेकडेनं गणपतीपुळे. तो आरेवारेचा उतार म्हणजे नाद खुळा, गाडी थांबवल्याशिवाय कोण पुढं जातच नाही. आता हातखंब्याला उजवीकडे वळतो, निवळीवरनं जाकादेवी, चाफे, डायरेक्ट गणपतीपुळे. दर्शन, पाण्यात खेळायचं, मोदक, परत. तुमच्या शहरात एक रुपया खर्च नाही. हातखंबा-निवळी पण काय मखमल नाही, पण निदान तेवढाच तुकडा.

आणि मालवणला का नाही गेलात म्हणशील, तर तिकडंही हीच बोंब. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून बंद ठेवलाय काँक्रिटीकरणासाठी, गगनबावड्यावरनं जायचं तर भुईबावडा नाहीतर सरळ फोंडा घाट. सुट्टीच्या दिवशी फोंड्यात ट्रकच्या मागं लागलास की संपलं. कोल्हापूरकराला समुद्र जवळ होता तो सगळ्या बाजूनं लांब गेलाय ह्या वर्षी.

आणि तू भाट्याला आहेस हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर एक रात्र राहिलो असतो. हे रस्त्याचं नाही हे तुझं चुकलं 😀

चाकरमानी_डोंबिवली
दिवाळीत दोन रूम भरल्या म्हणजे नशीबवान आहात. आम्ही मुंबईकर या रस्त्यावर तेरा वर्षं आहोत. २०११ ला पनवेल-इंदापूरचं काम सुरू झालं तेव्हा माझं लग्न ठरत होतं, आता मुलगी सातवीत आहे आणि दर गणपतीला विचारते बाबा या वर्षी होणार ना. या तेरा वर्षांत काय काय बघितलं, २०१६ ला महाडला सावित्रीचा पूल वाहून गेला, परशुराम घाट २०२२ च्या ऐन मे महिन्यात रोज दुपारी बंद, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्याचा बांधकाम चालू असलेला पूलच कोसळला. त्याच्या आधी, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत पडला आणि हायवे बंद, आम्ही तेव्हा पावसकडे एका लग्नाला निघालेलो, लग्न लागल्यावर पोचलो. तीच काजळी जी तुमच्या भाट्याच्या पुलाखालून समुद्राला मिळते.

चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल रडतो नुसता. कशेडीच्या बोगद्याने जीव वाचवला. तो घाट रात्री ट्रकांच्या मागे चढायचा म्हणजे शिक्षा होती, आता दोन किलोमीटर बोगदा आणि बाहेर. पण मग पुढे संगमेश्वर ते हातखंबा परत मागचे पाढे पंचावन्न, बोगद्यात वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट परत करायचा.

आमच्या बिल्डिंगमधले तिघे हल्ली एक्स्प्रेस वेने पुण्याकडून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरतात. अंतर जास्त, टोल जास्त, पण म्हणतात डोकं शांत राहतं. मी ट्रेनवाला झालोय. फक्त तिकीट. मे महिन्याचं तिकीट म्हणजे बुकिंग उघडल्यावर दोन मिनिटांत वेटिंग. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मी गाडीने यायचं टाळतो, पण कोकण टाळत नाही, कारण आमचं घरच आहे तिथे. टुरिस्टचं तसं नसतं, त्याला अलिबाग आहे, दिवेआगर आहे, आणि आता गोव्यात मोपाचं विमानतळ झाल्यापासून लोक विमानाने उतरून वेंगुर्ल्याला जातात. तुमच्याकडे मिरजोळ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान कधी उडेल ते उडेल.

सिमेंटकाँक्रीट
मी याच लाईनमध्ये आहे, या कामावर नाही पण अशाच कामांवर वीस वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं साईटच्या बाजूने लिहितो, शिव्या खायची तयारी आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट कोणी लिहिली नाही. रत्नागिरीत पाऊस पडतो तीन हजार मिलीमीटरच्या वर. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत मातीकाम शून्य, भराव टाकला तर वाहून जातो, तांबड्या मातीवर रोलर चालत नाही नुसता घसरतो. म्हणजे काम करायचे महिने उरले ऑक्टोबर ते मे. आणि तुमचा सिझन कुठला? दिवाळी, नाताळ, २६ जानेवारीचा लाँग वीकेंड, मे महिना. तेच महिने. समुद्रकाठच्या शहरात रस्ता आणि पाहुणा एकाच खिडकीतून आत येतात, एक थांबवल्याशिवाय दुसरा जात नाही. दिवाळीत आठ दिवस काम बंद ठेवा अशी निवेदनं लोक देतात, पण ते आठ दिवस पुढे पावसाच्या तोंडावर जातात आणि मग अर्धवट रस्ता चार महिने पाण्यात राहतो.

दुसरं, काँक्रीट. लोकांना वाटतं ओतलं की झालं. खाली आधी कोरडं काँक्रीट, त्यावर वरचा जाड स्लॅब, काही तासांत कटरने जॉइंट कापायचे, मग गोणपाट टाकून नाहीतर आळी करून पाणी. अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण ताकद धरतो, तोपर्यंत त्यावर गाडी नको. तुम्ही जे बघता की रस्ता तयार आहे आणि तरी बॅरिकेड लावलंय, ते बहुतेक वेळा त्यामुळे. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही.

आणि शहराजवळचा तुकडा सगळ्यात शेवटी होतो हे लिहून ठेवा. डोंगरात पोकलेन लावला की माती हलते, गावात कागद हलावा लागतो. विजेचे खांब, पाण्याची लाईन, टेलिफोनच्या केबल, दुकानाची पायरी, कुणाच्या सात-बारावर अकरा नावं आणि त्यातले चार मुंबईत, मोबदला कुणाच्या खात्यात यावरून वाद. त्यामुळे मध्येच शंभर मीटर तसाच राहतो आणि पुढे-मागे काँक्रीट. तो शंभर मीटर सगळी गाडी अडवतो. यात ठेकेदाराची चूक नसते असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजू एकदम खणून ठेवायच्या आणि माणसं दुसऱ्या साईटवर न्यायची, हा धंदा सर्रास चालतो. आधी सर्व्हिस रोड नीट करून द्या, त्यावर डांबर टाका, मग मेन खणा, हे टेंडरमध्ये असतं पण साईटवर डायव्हर्जन म्हणजे खडी पसरलेली वाट आणि त्यावर सकाळी एक टँकर पाणी. धूळ नऊ वाजेपर्यंत बसते, दहाला परत उठते.

रूमबद्दल माझं मत: तारखेवर विश्वास ठेवून कर्ज काढू नका. कोणाच्याही तारखेवर. माझ्या सुद्धा.

पेटीवाला
सिमेंटकाँक्रीट साहेबांनी छान समजावलं पण टुरिस्ट सोडून पण जग आहे. आमचा आंबा. मार्च-एप्रिलला रात्री गाडी भरून वाशीला पाठवायची, पेटीतला आंबा वरून दिसायला ठीक, आत दणके खाल्लेला. दोन दिवसांनी तिकडून फोन, डाग पडला, भाव तोडला. गवत जास्त घालतो हल्ली, तरी काय, गाडी खड्ड्यात आपटली की खालचा थर गेलाच. टुरिस्ट निदान तोंडाने बोंबलतो, आंबा बोलत नाही.

आणि भाट्येकर तुमच्याकडे येणारा पाहुणा जाताना पेटी नेतो ना, ते आमचं खरं गिऱ्हाईक. तो तिसऱ्या रूमचा पाहुणा आला नाही म्हणजे त्याची पेटी, त्याची कोकम सरबताची बाटली, फणसपोळी, सगळं गेलं. तुमची एक रूम रिकामी ती आमच्या चार घरांत रिकामी.

लॉजवाला
मी स्टँडजवळ छोटा लॉज चालवतो. सगळे नुकसान लिहितायत म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. माझ्या बारापैकी पाच रूम गेले दीड वर्ष महिन्याच्या भाड्याने आहेत. कोणाला? रस्त्याच्या कामावरच्या लोकांना. सर्व्हेवाले, सुपरवायझर, मशीन ऑपरेटर, यूपी-बिहारचे, आंध्रचे. बाजूची खानावळ त्यांच्यावरच चालते, त्याने मेनूमध्ये चक्क लिट्टी ठेवली होती एक महिना, जमली नाही ती गोष्ट वेगळी. त्यामुळे ज्या रस्त्याने माझा टुरिस्ट नेला त्याच रस्त्याने मला भाडं दिलं. सकाळी बाथरूम लाल, चादरी लाल, धोब्याचं बिल दुप्पट, पण पावसाळ्यातसुद्धा पैसे येतात, जे टुरिस्ट कधी देत नाही.

पण हे शहरात चालतं. भाट्याला समुद्र बघायला आलेल्या फॅमिलीच्या शेजारी तुम्ही चार ऑपरेटर ठेवू शकत नाही, आणि त्यांना पण साईट लांब पडेल. मला खरी भीती नंतरची आहे. रस्ता गुळगुळीत झाला की कोल्हापूरवाला सकाळी येईल आणि रात्री घरी जाऊन झोपेल. मग रूम कशाला लागेल त्याला? याचा विचार केलाय का कोणी?

पंचगंगेकाठचा
लॉजवाले बरोबर बोलला राव. १३० किलोमीटर आहे, रस्ता चांगला झाला तर आम्ही मासे खाऊन रात्री रंकाळ्याला फिरायला हजर. पण बायका-पोरं असली की राहतो. राहायचं कारण पाहिजे फक्त. पहाटे होडीतनं खाडीत नेता का, जाळं टाकायला नेता का, असलं काही ठेवा.

भाट्येकर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना अख्खा थ्रेड वाचून दाखवला फोनवर. "तारखेवर विश्वास ठेवू नका" ला ते एवढे हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सध्या ठरलेलं असं. दोन रूम नाही, एकच, आणि ती कर्जाशिवाय, चिरा आलेलाच आहे तर पाया आणि भिंती आता, बाकीचं मे नंतर. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला आहे, त्यानंतर कामाचा वेग राहतो की माणसं गायब होतात ते पण कळेल 😀

दुसरं, रिक्षावाल्या दादांचं मनाला लागलं. मी खरंच कधी गेस्टना वेळ सांगितली नव्हती, घाबरून रस्त्याचा विषयच काढायचो नाही, वाटायचं बुकिंग जाईल. परवा पहिल्यांदा एका पुण्याच्या फॅमिलीला बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं की हातखंब्याला सकाळी नऊच्या आतच या, कुवारबावला मॅप ऐकू नका, पुढे गेलेल्या एसटीच्या मागे रहा, ती बरोबर जाते. त्या बाईंचा लगेच रिप्लाय आला, अहो इतकं स्पष्ट पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, आम्ही ट्रेननेच येतो. पहाटे स्टेशनवर उतरणार आहेत. दादा तुमचा नंबर मेसेज करा, भाडं तुमचं.

होडीचं शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले नेईन, पण पहाटे पाचला उठणारे पाहुणे आण, दहाला उठून होडी कुठे विचारणारे नकोत.

रिक्षा_रत्नांग्री
नंबर मेसेज केलाय. आणि काकूंना सांगा मी जयस्तंभावरनं फोन करीन.